दाढेचं प्रात्यक्षिक

माझी लेक भिंगरी दुपारची झोपली आहे, तोवर हे सांगून टाकते. ती जागी असली की मध्येच येऊन दुरुस्त्या सुचवते, आणि तिच्या प्रत्येक दुरुस्तीत माझी उरलीसुरली अब्रू आणखी थोडी जाते.

पहिली गोष्ट म्हणजे माझ्या दातांना काहीही झालेलं नव्हतं. निदान मला तसं माहीत नव्हतं, आणि माहीत नसलेलं दुखणं हे दुखणं धरायचं नसतं असा आमच्या घरचा नियम आहे. दात भिंगरीचा होता. वय वर्षं पाच, खालच्या दाढेवर मोहरीएवढा काळा ठिपका. कोपऱ्यावरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तो जेमतेम पाहिला, तोही भिंगरीला मध्येच जांभई आली म्हणून.

"आत्ता लहान आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "चिमूटभर भरलं की झालं, सुईसुद्धा लागणार नाही. पण कीड आत शिरली तर तिलाही त्रास, तुम्हालाही. जबरदस्ती मात्र नको. एकदा हातपाय धरून केलं की ही जन्मभर कुठल्याच डॉक्टरसमोर तोंड उघडणार नाही. तिच्या मनाने उघडू दे. फक्त फार दिवस लावू नका."

म्हणजे लवकर करा, पण घाई नको. अशा सूचना जगात फक्त डॉक्टर आणि सासूबाई देऊ शकतात.

आता भिंगरीचं तोंड ही एरवी मिटणारी वस्तूच नव्हे. सकाळी डोळे उघडायच्या आधी ते उघडतं. पण त्या खुर्चीत बसवलं की ओठ असे आत ओढून घ्यायची की तिथे कधी तोंड होतं यावर विश्वास बसू नये. बाहेर आल्यावर कारणं तयार. "माझे दात झोपलेत." "आज तोंडाला सुट्टी आहे." एकदा म्हणाली, "डॉक्टरांनी आधी हात धुतलेले मी बघितले नाहीत." बाईंनी पुन्हा धुऊन दाखवले, तर म्हणाली, "आता ते गार झाले असतील."

शेजारपाजारचं मत माझ्याविरुद्धच होतं. समोरच्या काकू म्हणाल्या, "अगं, दुधाचा दात तो! पडणारच आहे. पडायला आलेल्या भिंतीला कुणी गिलावा करतं का?" मला ते क्षणभर पटलंही. पण डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की दुधाच्या दाढा दहा-अकरा वर्षांपर्यंत राहायच्या असतात. बसमध्ये रुमाल टाकून जागा धरावी तशी त्या खालून येणाऱ्या पक्क्या दाढेची जागा धरून बसलेल्या असतात. रुमाल आधीच उडाला, तर बाजूचे दात सरकून ऐसपैस बसतात आणि मग पक्की दाढ आली की तिने उभं कुठे राहायचं? मी हे काकूंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "आमच्या वेळी दात इतके शिकलेले नव्हते."

मुलं ऐकून शिकत नाहीत, बघून शिकतात, हे वाक्य मी कुठेतरी वाचलं होतं. ज्याने ते लिहिलं त्याला मुलं नसावीत किंवा दात नसावेत. पण तेव्हा मला ते वाक्य पटलं आणि मी ठरवलं, आपणच खुर्चीत बसून दाखवायचं. नवऱ्याला योजना सांगितली. तो म्हणाला, "छान आहे. पण तुला बरी सापडली ही, स्वतःहून तोंड उघडायची संधी." मी दुर्लक्ष केलं. थोर कार्याच्या आरंभी घरचेच लोक असं बोलतात.

"बघ हं," मी ऐटीत खुर्चीवर चढत भिंगरीला म्हणाले, "आई कशी मोठ्ठा आ करते. काहीसुद्धा होत नाही."

डॉक्टरीणबाईंनाही कल्पना आवडली. त्यांनी भिंगरीला स्टुलावर उभं केलं, हातात छोटा आरसा दिला आणि म्हणाल्या, "चला, आपण दोघी आईचे दात मोजू या." मोजणी सुरू झाली. भिंगरी रंगून गेली. मी आडवी पडून छताकडे बघत स्वतःच्याच पाठीवर मनातून शाबासकी देत होते. एवढ्यात मोजणी एका दाढेशी येऊन थांबली. पुढचा आकडा येईना.

"ही कधी भरली होती?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"ऑएऑ," मी म्हणाले. म्हणजे कॉलेजात असताना.

त्यांनी दाढेवर हलकेच ठोकलं. "दुखतंय?"

आता माझी अडचण लक्षात घ्या. समोर स्टुलावर लेक. प्रात्यक्षिक ऐन रंगात. मी मान हलवून 'नाही' म्हटलं. मात्र मान 'नाही' म्हणत असतानाच माझे दोन्ही पाय खुर्चीवरून वीतभर वर उडाले. शरीराला शिस्त नसली की असं होतं.

जुन्या भरावाची कड कधीतरी सुटली होती आणि तिथून आत शिरलेल्या किडीने खाली खोलीच काढली होती. वरून सगळं टापटीप, आत पोकळ. आता नुसतं भरून भागणार नव्हतं. मुळापर्यंत साफ करायचं, म्हणजे रूट कॅनल, आणि वरून कॅप. लोक हात दाखवून अवलक्षण करून घेतात. मी दात दाखवला होता.

भिंगरीने हे सगळं स्टुलावरून नीट ऐकलं. घरी येताना जिन्यात म्हणाली, "आई, तू तोंड उघडलंस म्हणून त्यांना सापडलं ना?"

"हो, म्हणजे, बरं झालं ना सापडलं ते..."

"मग मी उघडणारच नाही. म्हणजे सापडणारच नाही."

आमच्या खानदानातली अर्धी मोठी माणसं हेच तत्त्व पाळून म्हातारी झाली आहेत. पाच वर्षांच्या पोरीला ते एका भेटीत कळलं, एवढाच फरक.

पण आता माघार नव्हती. माझी दाढ हा आता माझा खाजगी विषय उरला नव्हता. ती भिंगरीसमोर हसतखेळत, न कण्हता दुरुस्त झाली पाहिजे, तरच पोरीचं तोंड उघडणार, असं मी धरून चालले. म्हणून प्रत्येक भेटीला तिला बरोबर घेऊन जायचं ठरवलं. इथून पुढचा सगळा सत्यानाश या एका निश्चयाचा.

आधी ऑफिस. रजेच्या विभागातल्या साहेबांनी अर्ज वाचून चष्मा कपाळावर नेला. "दात तुमचा की मुलीचा?"

"दोघींचा."

"स्वतःच्या आजारपणाची रजा वेगळी, मुलांच्या आजारपणाची वेगळी. एका रजेत दोन तोंडं बसत नाहीत."

शेवटी माझं एकटीचं तोंड बसवलं. मग औषधोपचाराच्या योजनेसाठी उपचाराआधीचा फोटो हवा म्हणाले. एक्स-रे चालेल का विचारलं, तर म्हणाले, "एक्स-रेत सगळ्यांचे दात सारखेच दिसतात."

फोटो काढायचं काम नवऱ्याकडे आलं. घरात उजेड कमी म्हणून त्याने मला गॅलरीत उभं केलं. ऊन बरोबर दाढेवर यावं म्हणून मी मान मागे टाकून, कठड्याला पाठ लावून, आ वासून उभी. खालून जाणारी माणसं वर बघत होती. एकाने तर आकाशाकडेही पाहिलं. पहिल्या फोटोत पडजीभ आली, दुसऱ्यात नवऱ्याचं बोट. शेवटी एक फोटो जमला. अगदी जवळून काढलेलं काळंभोर भगदाड, कडेने पिवळट, ओलसर. कुठलीही स्त्री त्यात स्वतःला ओळखणार नाही. नवरा खूश होऊन म्हणाला, "तुला पाठवतो, तू ऑफिसला पाठव."

त्याने तो इमारतीच्या ग्रुपवर पाठवला.

त्या सकाळी ग्रुपवर गच्चीवरच्या टाकीची गळती चालू होती. म्हणजे टाकी गळत होती आणि तिच्यावर चर्चाही. फोटो पडताच सेक्रेटरींचं उत्तर आलं, "हे भगदाड कुठल्या मजल्यावरच्या पाइपचं आहे? एवढं होईपर्यंत कोणाच्याच लक्षात कसं आलं नाही?" तळमजल्यावरच्या काकांनी लिहिलं, "मी गेल्या वर्षीच म्हणालो होतो." आणखी एकांनी विचारलं, "यातून येणारं पाणी आपण पितो?" मी घाईघाईने नवऱ्याला हलवलं, तोवर सेक्रेटरींनी फोटो प्लंबरला दाखवून त्याचा निरोपही टाकला होता. जुनं काम आहे, वरवर बुजवून उपयोग नाही, पूर्ण बदलून घ्या.

नवऱ्याने अखेर खुलासा केला. "माफ करा, ही माझ्या बायकोची दाढ आहे."

टाकीला सगळे विसरले. लवंग ठेवा. लवंग अजिबात ठेवू नका. मिठाच्या पाण्याने चूळ भरा. सगळे दात काढून कवळी बसवा, असं वरच्या मजल्यावरच्या आजोबांनी सुचवलं. "मी बसवली आणि सुटलो. रात्री काढून ठेवतो, दात एका खोलीत, मी दुसऱ्या. कटकट नाही." जिन्यात भेटणारी माणसं तेव्हापासून माझ्याशी बोलताना डोळ्यांकडे न बघता थोडं खाली, डाव्या गालाकडे बघत. अजूनही बघतात.

रूट कॅनलच्या पहिल्या भेटीला भिंगरी कोपऱ्यातल्या खुर्चीवर बाहुली घेऊन बसली. इंजेक्शन देताना मी हूं की चूं केलं नाही. बधिर झाल्यावर खरंच काही कळलं नाही. काम झालं आणि मी विजयी मुद्रेने तिच्याकडे वळून म्हणाले, "बघ, अजिबात दुखलं नाही!" निदान म्हणायचं तरी ते होतं. अर्धा चेहरा सुन्न असल्यामुळे फक्त उजवी बाजू हसली, डावी लोंबकळत राहिली आणि ओठाच्या कोपऱ्यातून लाळ हनुवटीवर आली. भिंगरीने बाहुलीचे डोळे झाकले.

नेमका तेव्हाच रजेच्या साहेबांचा फोन. "मॅडम, फोटो मिळाला. पण ही दाढ तुमचीच कशावरून?" मी सांगायला गेले की हवं तर आमच्या इमारतीत कुणालाही विचारा, सगळे ओळखतात. तोंडातून नुसताच एक ओला, लांबलचक हुंकार बाहेर पडला. पलीकडे साहेब एकदम हळवे झाले. "अहो, रडू नका. रडू नका. करतो मंजूर." इतक्या वर्षांच्या नोकरीत माझं एवढं जलद काम कधी झालेलं नाही.

घरी दुसरी आघाडी होती. डॉक्टरीणबाईंनी भिंगरीसाठी नियम दिले होते. रात्री दात मोठ्या माणसाने घासून द्यायचे, वाटाण्याएवढी पेस्ट, आणि घासल्यावर पाण्याशिवाय काही नाही. सासूबाई भिंगरीला झोपताना गादीत दूध-बिस्किट देत आल्या होत्या.

"आई, घासून झाल्यावर दूध नको ना," मी म्हणाले.

"दुधाने कुठे दात किडतात? नावच दुधाचे दात आहेत."

"त्यात साखर असते, बिस्किटाचा लगदा रात्रभर चिकटून राहतो."

"मी तुझ्या नवऱ्याला रोज दिलं."

यावर नवऱ्याच्या दातांची यादी वाचून दाखवता आली असती, पण घरात शांतता हवी होती. शेवटी दूध आधी, ब्रश नंतर असा तह झाला. सासूबाईंनी तो पाळला. फक्त दुधाचा पेला देताना रोज "घे बाई, तुझी आई नाही म्हणायच्या आत" असं म्हणण्याचा हक्क राखून ठेवला.

दोन-तीन भेटींत माझी दाढ आतून साफ झाली, तात्पुरती भरली गेली. ठणका थांबला. "आता कॅपसाठी लगेच या," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "ही दाढ आता ठिसूळ झालीय, कॅपशिवाय तुटेल. सांगून ठेवते, कारण दुखायचं थांबलं की माणसं यायची थांबतात."

मी मनातल्या मनात त्या माणसांची कीव केली आणि जायची थांबले.

म्हणजे जायचं होतंच. पण मग पाहुणे आले, भिंगरीच्या शाळेचा कार्यक्रम आला, ऑफिसात तपासणी आली. शिवाय खरं सांगू? ज्या प्रात्यक्षिकाने पोरगी उलट जास्त घाबरली, त्याचा पुढचा प्रयोग लावायला मला धीर होईना. मी उजव्या बाजूने जेवत होते, सुखात होते. दात आहेत तर चणे नाहीत आणि चणे आहेत तर दात नाहीत म्हणतात. मला दोन्ही होतं, फक्त एका बाजूला.

आणि एके दिवशी दाढेचा तुकडा पडला. अक्रोडावर पडला असता तर चारचौघांत सांगायला काही इज्जत राहिली असती. केळ्यावर पडला. पिकलेल्या केळ्यावर. मी टेबलापाशी तो तुकडा तळहातावर घेऊन बसले होते, तेव्हा समोर भिंगरी पोळी खात होती. मी तिच्याकडे सहज बघत होते. घास उजव्या गालात. पुढचा घास, पुन्हा उजव्या गालात. जिभेने ढकलून, सांभाळून, अगदी माझ्यासारखा.

"राणी, या बाजूने का नाही चावत?"

"तू पण नाही चावत."

"तुला तिथे दुखतं का गं?"

तिने खांदे उडवले. "माहीत नाही. मी तिथे खातच नाही."

मला हसू आलं नाही. ती माझी नक्कल करत होती, की तिला खरंच दुखत होतं, हे मला कळेना. आणि मी तिची आई होते. एवढे दिवस मी तिला खुर्ची दाखवत होते, ती मात्र मला रोज जेवताना बघत होती. मोहरीएवढा ठिपका एव्हाना केवढा झाला असेल? दुसऱ्या दिवशी आम्ही दवाखान्यात होतो.

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. माझी दाढ उघडून बघितली आणि म्हणाल्या, "थोडक्यात वाचली. आणखी खालून तुटली असती तर काढावीच लागली असती. आता भरून, घासून, आजच माप घेते." मग भिंगरीकडे बघून मला हळूच म्हणाल्या, "हिचंही आता पुढे ढकलण्यासारखं नाही. काहीतरी करा."

काहीतरी करायला माझ्याजवळ काही उरलं नव्हतं.

माप घेणं म्हणजे काय, हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर मी देश सोडला असता. एका पत्र्याच्या साच्यात गुलाबी, थंड लगदा भरतात आणि तो साचा तोंडात बसवून घट्ट होईपर्यंत दाबून धरतात. लगदा घशाकडे सरकतो. आपला जीव वर येतो. "नाकाने श्वास घ्या," डॉक्टरीणबाई म्हणत होत्या. माझं नाक कुठे आहे ते मला आठवेना. डोळ्यांतून पाणी, घशातून चमत्कारिक आवाज. मी खुर्चीचे हात घट्ट धरले. "एक पाय वर उचला. हां, उचलून धरा. लक्ष तिकडे द्या, उमासा थांबतो." मी पाय उचलला. एक चप्पल खाली पडली. अशा अवस्थेत, एक पाय आढ्याकडे, तोंडात लगदा, गालांवर अश्रू, मी पडून राहिले, आणि माझ्या डोक्याशी येऊन उभी राहिलेली भिंगरी मला वरून उलटी दिसत होती.

साचा निघाला. मी उठून बसले, तोंड पुसलं. भिंगरीने चप्पल उचलून माझ्या पायाशी ठेवली.

"आई, तू घाबरलीस?"

आजवर या प्रश्नाला माझं ठरलेलं उत्तर होतं. छे! आई कधी घाबरते का? पण नुकताच एक पाय आभाळात धरून पडलेल्या बाईने कुठल्या तोंडाने तसं म्हणावं?

"हो," मी म्हणाले. "खूप."

ती माझ्याकडे बघत राहिली. "मग आधी 'नाही' का म्हणायचीस?"

"मला वाटलं, मी घाबरले तर तूही घाबरशील."

"मी घाबरतेच," भिंगरी म्हणाली. अगदी साधेपणाने, आपला पत्ता सांगावा तसं. "तू घाबरत नव्हतीस ना, म्हणून मला वाटायचं मी एकटीच."

डॉक्टरीणबाई पाठमोऱ्या हात धूत होत्या. त्या जरा जास्तच वेळ धूत राहिल्या.

मी तिला जवळ घेतलं. दात झोपलेले नव्हते, तोंडाला सुट्टी नव्हती, हात गार नव्हते. इतकी कारणं रचून पोर एकच गोष्ट लपवत होती, कारण घरात ती गोष्ट दुसऱ्या कुणाजवळ नव्हती. मी ती माझ्याजवळही आहे हे सांगायचं सोडून तिला दात मोजून दाखवत बसले होते.

"आता काय करायचं?" मी विचारलं. खरंच मला माहीत नव्हतं.

भिंगरीने विचार केला. तिच्या अटी ठरल्या. आईच्या मांडीवर बसणार. रडायला आलं तर रडणार, कुणी शहाणी म्हणायचं नाही. हात वर केला की थांबायचं. आणि पाय वर धरायचा, पण दोघींनी.

डॉक्टरीणबाईंनी सगळं मान्य केलं. मी पुन्हा आडवी झाले, माझ्या पोटावर भिंगरी, तिचा धपापणारा छोटा भाता माझ्या छातीशी. दोघींचे दोन पाय वर. आणि तिने तोंड उघडलं. आपल्या मनाने उघडलं. मला फक्त तिचे केस दिसत होते. यंत्र गुणगुणलं, तिने हात वर केला, यंत्र थांबलं. खरंच थांबतं हे बघून तिने आणखी एकदा उगीच करून पाहिलं. मग हात खाली माझ्या हातात ठेवला आणि शेवटपर्यंत वर केला नाही.

"वेळेवर आलात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आत पोहोचली नव्हती कीड. भरून झालं." माझा पाय कधीच सुन्न झाला होता, पण तो खाली घ्यायचं मला सुचलं नाही.

पुढच्या भेटीत माझी कॅपही बसली. त्या दिवशी जेवायला बसल्यावर मी मुद्दाम घास डाव्या बाजूला नेला, भिंगरीला दिसेल असा. तिनेही नेला. चावलं. थोडं थांबून पुन्हा चावलं. मग बाकीची पोळी ती दोन्ही गालांनी, माझ्याकडे न बघता, टीव्हीकडे बघत खाऊन मोकळी झाली.

सासूबाई समोर बसून भात कालवत होत्या. भिंगरीचं लक्ष तिकडे गेलं. ती त्यांच्या जेवणाकडे पाहू लागली. मी पाहिलं आणि माझ्याही लक्षात आलं. इतक्या वर्षांत लक्षात आलं नव्हतं.

"आजी, तू पुढच्याच दातांनी का खातेस?"

"काही नाही गं," सासूबाई म्हणाल्या आणि तोंडावर हात धरला. "मला काही होत नाही."

"आ कर बघू."

"जेव तू."

"आजी," भिंगरी खुर्चीवरून उतरून त्यांच्या मांडीशी गेली, आणि खाजगीतलं सांगावं तसं, पण सगळ्या मजल्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "घाबरलं तरी चालतं. आई तर केवढी घाबरली! रडली, ओकारी आली, तिची चप्पलसुद्धा पडली. मी होते म्हणून."

नवऱ्याला पाणी पिता पिता ठसका लागला. खोडून काढण्यासारखं त्यात काही नव्हतं.

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. हसल्या नाहीत. "खरंच घाबरलीस?"

"हो, आई. खूप."

त्यांनी नवऱ्याला म्हटलं, "तू जरा आत जा रे." तो गेला. मग त्यांनी तोंडावरचा हात हळूहळू खाली घेतला. भिंगरीने मला फोनचा दिवा लावायला सांगितला.

आत काय दिसलं ते इथे लिहीत नाही. मी लिहिलेलं सासूबाई वाचतात.